समुद्रकाठची कमी चाललेली की घाटावरची जास्त चाललेली? जुनी एक्सयूव्ही ५०० घेतोय, सल्ला द्या

पावसकर_९

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसतं वाचत होतो, आज विचारतोय. घरात आम्ही सहा जण, आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन पोरं. सध्याच्या छोट्या गाडीत सगळे मावत नाहीत, बाबांना कोल्हापूरला तपासणीला न्यायचं म्हटलं की पोरांना शेजारी सोडून जावं लागतं. म्हणून जुनी सात सीटर बघतोय. वर्षाला फार तर आठ-नऊ हजार किलोमीटर होतात, त्यातलं निम्मं पावस-रत्नागिरी, बाकी आंबा घाट आणि वर्षातून एकदोनदा मुंबई. एप्रिल-मे मध्ये आंब्याच्या थोड्या पेट्याही न्यायच्या असतात.

दोन गाड्या नजरेत आहेत, दोन्ही महिंद्राच्या एक्सयूव्ही ५००, दोन्ही डिझेल मॅन्युअल. एक मालगुंडात आहे, २०१७ ची डब्ल्यू १० (जास्त सोयींचं वरचं मॉडेल), मुंबई पासिंग, मालक बोरिवलीला असतात आणि गाडी गावच्या घरी उभी असते, मीटर ३८ हजार, सनरूफ वगैरे सगळं, बाहेरून एकदम चकाचक, साडेसात लाख सांगतायत. दुसरी कोल्हापूरची, २०१६ ची डब्ल्यू ८ (त्याच्या खालचं, बिनसनरूफचं), एक लाख दहा हजार झालेत, बंपरला आणि डाव्या दाराला ओरखडे आहेत पण सगळ्या सर्व्हिसची बिलं फाईलला लावून ठेवलीयत, पाच ऐंशी म्हणतायत. मित्र म्हणतात लाखाच्या वर चाललेल्या गाडीला हात लावू नको. मला मालगुंडची आवडलीय खरं सांगायचं तर, पण मालक जरा जास्तच घाई करतायत. या मॉडेलचं चांगलं-वाईट काय आणि यातली कुठली घेऊ?

गॅरेजवाला_भाचा

पावसकर, मीटर नंतर बघा, आधी गाडीखाली जा.

मालगुंडचं घर समुद्रापासून किती लांब ते विचारा. किनाऱ्याला लागून उघड्यावर उभी असलेली गाडी न चालताच म्हातारी होते. रोज चालणाऱ्या गाडीचं इंजिन-सायलेन्सर तापून ओलावा तरी सुकतो, उभ्या गाडीवर खारी हवा बारा महिने बसून राहते. आणि या गाडीला स्कॉर्पिओसारखी वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते, मोनोकॉक म्हणतात ते, त्यामुळे खालच्या जोडाला गंज म्हणजे नुसता दिसण्याचा प्रश्न राहत नाही. पुढची सबफ्रेम (इंजिन-सस्पेन्शन धरणारी चौकट), मागचे सस्पेन्शनचे आर्म बॉडीला जिथे बसतात ती जागा, दारांच्या खालच्या कडा, ब्रेकच्या बारीक पायपा आणि स्टेपनीच्या आजूबाजूचा पत्रा, एवढं रॅम्पवर चढवून टॉर्च मारून बघायचं. खाली ताजा काळा अंडरकोट मारलेला दिसला तर खूश होऊ नका, उलट जास्त संशय घ्या. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हळू ठोकत जा, चांगला पत्रा टणटणतो, आतून खाल्लेला बद्द वाजतो आणि खपली हातात येते. एसीचा कंडेन्सर पुढून बघा, खाऱ्या हवेने त्याला बारीक भोकं पडतात आणि मग गॅस भरत बसायचं, दर उन्हाळ्यात.

उभ्या गाडीचं अजून एक, टायरची नक्षी भरपूर दिसेल पण बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ४०१७ असेल तर टायर गाडीबरोबरच आलेले आहेत, नक्षी कितीही असू दे ते बदलायचेच. २३५ रुंदीचे सतरा इंची टायर आहेत, चार घ्यायचे म्हणजे खिशाला कळतं, तेवढे किमतीतून आधीच वजा करा. बॅटरी, ब्रेकचे कॅलिपर, रबरी बुश हे सगळं उभ्या उभ्या जातं.

आता इंजिन. त्याची काळजी त्या मानाने कमी करा. २.२ लिटरचं एमहॉक आहे, २०१८ च्या आधीच्या गाड्यांना १४० पीएस आणि ३३० न्यूटन मीटर टॉर्क, नंतरच्यांना १५५ आणि ३६०. याच घराण्यातलं इंजिन स्कॉर्पिओत होतं म्हणून आपल्याकडे अगदी तालुक्याच्या गावातसुद्धा त्याला हात लावणारा माणूस मिळतो, टायमिंगला बेल्ट नाही चेन आहे. ऑईल वेळेवर बदललं असेल तर एक लाख दहा हजार या इंजिनाला काहीच नाही. २०२१ ला एक्सयूव्ही ७०० आली आणि हे मॉडेल बंद झालं, त्यामुळे इंजिनाच्या सामानाचं टेन्शन नाही पण लाईट, स्क्रीन, काचेची बटणं असल्या गोष्टी शोधाव्या लागतील. म्हणूनच मी सनरूफवाल्या डब्ल्यू १० पेक्षा साधी बरी म्हणतो, जेवढी कमी बटणं तेवढा कमी ताप.

कोल्हापूरच्या गाडीत बघायचं ते वेगळं. सकाळी गार इंजिन चालू करा, मालकाला आधीच सांगा की गरम करून ठेवू नका, बॉनेटला हात लावून बघा गरम लागतंय का. चालू असताना ऑईलचं झाकण उघडा, भकाभक धूर बाहेर येत असेल तर नमस्कार करून घरी या. चौथ्या गिअरला चाळीसच्या स्पीडला एकदम पाय दाबा, आरपीएम चढतोय आणि गाडीचा वेग वाढत नाही असं झालं तर क्लच गेला. खड्ड्यात पुढून खटखट येत असेल तर लिंक रॉड, बुश, लोअर आर्म यातलं काहीतरी असतं, ते दुरुस्त होतं, त्यावर फक्त भाव पाडायचा.

सड्यावरचा_राजा

मधेच विचारतो, पावसकरांनी अजून थोडे घालून २०२० ची बीएस६ (धुराच्या नव्या नियमाची) का नाही घ्यायची? निदान नवी तरी.

गॅरेजवाला_भाचा

त्यांचं निम्मं चालणं पावस-रत्नागिरी आहे म्हणून. बीएस६ डिझेलला सायलेन्सरमध्ये डीपीएफ म्हणजे धुराचा फिल्टर असतो, काजळी साठवतो, आणि ती जाळायला गाडी थोडा वेळ एका लयीत चांगली पळावी लागते. बाजारात गेलो, शाळेत सोडलं, परत आलो असल्या चालीत तो भरतो आणि दिवा लागतो. तुम्ही बघताय त्या जुन्या बीएस४ ला ही भानगड नाही. हायवेवर रोज पळणाऱ्याने बीएस६ खुशाल घ्यावी.

निवतीची_लेक

सगळे गाडीखाली घुसलेत, आत कोणी बसून बघणार आहे की नाही? सहा जण म्हणजे कोणीतरी दोघं कायम तिसऱ्या रांगेत. आई-बाबांना तिथे बसवायचा विचार असेल तर सोडून द्या. मधली सीट पुढे उलटवून वाकून आत शिरावं लागतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जमत नाही आणि आत बसल्यावर गुडघे छातीशी येतात. पोरं मागे, आजी-आजोबा आणि एक मोठं माणूस मधे, असंच बसावं लागेल. पोरं आठवी-नववीपर्यंत बसतील मागे, नंतर कुरकुर सुरू. आणि तिन्ही रांगा उभ्या असल्या की डिकीत दोन सॅक आणि पाण्याची बाटली एवढीच जागा उरते, मुंबईला जाताना बॅगा टपावर कॅरिअरला बांधाव्या लागतील हे आधीच ठरवून ठेवा. दोघंच असाल आणि मागची रांग पाडली तर मात्र पेट्या भरपूर जातात.

चांगलं म्हणाल तर मधली रांग खरंच ऐसपैस आहे, खाली सपाट आहे म्हणून मधल्या माणसाला पाय ठेवायला जागा मिळते. आई-बाबांना घेऊन जा गाडी बघायला, त्यांना चढा-उतरायला लावा. गाडी उंच आहे, साडी नेसून पाय टाकणं सोपं नाही, पायरी बसवून घ्यावी लागेल कदाचित.

घरंदाज_गडगा

मी उलटं बोलतो. एसयूव्ही हवीच कशाला? ही गाडी १८९० मिलिमीटर रुंद आहे, आरसे सोडून. २०१८ नंतरची अर्टिगा जवळपास पंधरा सेंटिमीटर अरुंद आहे. तुमच्या वाडीतल्या दोन गडग्यांमधल्या रस्त्यावर समोरून रिक्षा आली की हे पंधरा सेंटिमीटर काय असतात ते कळेल. कोल्हापूरच्या गाडीवरचे ओरखडे तिथलेच असणार कुठल्यातरी बोळातले. अर्टिगाला ॲव्हरेजही जास्त, टायर स्वस्त, विकायला काढली तर चार दिवसांत जाते.

अजून एक, ही एक्सयूव्ही पुढच्या चाकांवर चालते, फोर व्हील वाली वेगळी होती आणि ती क्वचितच मिळते. सात माणसं भरून पावसाळ्यात शेवाळलेल्या चढावर गेलात की वजन मागे जातं आणि पुढची चाकं जागेवर फिरतात. एसयूव्ही दिसते म्हणून कुठेही चढेल असं समजू नका, आणि किनाऱ्यावर वाळूत तर अजिबात नेऊ नका, दर मे महिन्यात कुणाची ना कुणाची गाडी भरतीच्या पाण्यात रुतलेली आपण बघतोच.

गॅरेजवाला_भाचा

अर्टिगाही पुढच्याच चाकांवर चालते हो. पण रुंदीचं खरंय, ते मान्य. तरी पाऊस पडल्यावर आंबा घाटात माणसं भरून चढायचं असेल तर १४० पीएसचं डिझेल आणि २०० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स यांचा फरक जाणवतो, हायवेची कामं चालू असताना तर फारच. उतरताना ब्रेकवर लोंबकळत बसायचं नाही, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला सोडायची, पावणेदोन टनाच्या वरची गाडी आहे, ब्रेक तापले की वास येतो आणि मग पाय खाली जायला लागतो.

कुडाळचो_झिल

अरे मुंबयकारांची गाडी म्हणजे गणपतीक एकदा आणि शिमग्याक एकदा, मधल्या टायमात आत उंदरांचो संसार. बॉनेट उघडून वायरी बघ आधी, कातरलेल्यो आसतले. माझा ऐकशीत तर ती घेव नको.

सात_बारा_आणि_आरसी

कागदांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. दोन्ही गाड्यांचे नंबर एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाका, मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, इन्शुरन्स कधीपर्यंत आहे सगळं दिसतं. ई-चलन वेगळं तपासा, मुंबईच्या गाडीवर चलनं साठलेली असतातच. बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतील, गाडी दुसऱ्या आरटीओची आहे म्हणून तिथली एनओसी लागते का तेही विचारा. दोन्ही गाड्या एप्रिल २०१९ च्या आधीच्या, म्हणजे एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बसवलेली आहे का तेही बघा. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची इन्शुरन्सची सूट) मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही, आणि इन्शुरन्स नावावर करायला चौदा दिवस मिळतात. गाडी नावावर झाली आणि इन्शुरन्स जुन्याच नावावर राहिला, मग ठोकली की रडायचं.

आणि कुठलीही गाडी चिपळूण किंवा महाडमधून फिरून आलेली असेल तर २२ जुलै २०२१ च्या पुराच्या वेळी ती कुठे होती ते विचारा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, पुरात बुडालेल्या गाडीत तळाशी पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. पुढच्या सीटच्या खाली रुळ असतात तिथे गंज, मॅटखाली कुबट वास, तेही बघायचं. बाहेरून पॉलिश मारलं की बाकी काही कळत नाही. इन्शुरन्सच्या क्लेमची हिस्टरी मागा, कंपनीच्या वर्कशॉपमधून नंबरवरून सर्व्हिसचं रेकॉर्ड निघतं, मालक सोबत असला तर देतात.

पावसकर_९

सगळ्यांचे आभार. आज दुपारी मालगुंडला जाऊन आलो, ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन गेलो होतो. घरापासून वाळू दिसते. खाली नवीनच काळं फासलेलं होतं, मागच्या डाव्या आर्मच्या बाजूला ठोकलं तर हाताएवढी खपली पडली, आत लाल भुगा. टायरवर २३१७. वायरी शाबूत निघाल्या बरं का कुडाळकर, पण बॉनेटच्या आतल्या कापडात काजूची टरफलं होती. मालक फोनवर म्हणाले सात पंचवीस करतो, मी म्हटलं कळवतो.

आईला आज चढवून बघितलं, पायरी लागणारच.

रविवारी कोल्हापूरला जातोय. टेस्ट ड्राइव्ह शहरात घेऊन काय कळणार म्हणून विचारतोय, घाटात कशी घेऊ?

गॅरेजवाला_भाचा

मालकाला सांगा गाडी आंब्यापर्यंत आणा, डिझेल तुमचं. तुम्ही साखरप्यावरून वर या, तिथून त्यांची गाडी घेऊन खाली उतरा आणि परत चढा. चढताना तिसऱ्या गिअरला पंधराशे-अठराशे आरपीएमवर पाय दाबा, टर्बो लगेच ओढतोय का ते बघा, मागे काळा धूर किती ते मालकाला मागच्या गाडीत बसवून विचारण्यापेक्षा बायकोला बसवा. उतरताना ब्रेकला स्टेअरिंग थरथरतंय का बघा. वर आल्यावर इंजिन बंद न करता थांबवा, कूलंटची टाकी आणि टेम्परेचरचा काटा बघा, एसी चालू ठेवून. एवढं नीट निघालं तर पाच चाळीसला मागा, पाच साठपर्यंत गेलात तरी चालेल, उरलेल्यात टायर आणि बुश बसतील.

निवतीची_लेक

आणि बाबांना घेऊन जा, मधे बसवा. घाटात त्यांना मळमळलं की नाही तेही कळेल, पुढची तपासणी त्याच गाडीतून व्हायचीय.