ग्राफमध्ये नाव शोधायला इलास्टिकसर्च? का म्हणून?

रात्रपाळी
काल इथेच एकाने ठोकून दिलं: "ग्राफ डेटाबेसमध्ये मजकूर शोधणं म्हणजे वेळेचा खून, इलास्टिकसर्च लावा नि मोकळे व्हा." (ग्राफ डेटाबेस म्हणजे नोंदी आणि त्यांच्यातले दुवे साठवणारा; इलास्टिकसर्च म्हणजे मजकूर शोधायचं वेगळं सॉफ्टवेअर.) खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. त्यातल्या एकाने तरी क्वेरीला प्रोफाइल (ती नेमकं काय चाळते ते दाखवणारी आज्ञा) लावून बघितलं असेल का?

आमच्याकडे निओफोरजे (Neo4j), असाच एक ग्राफ डेटाबेस. काम एका पतसंस्थेचं: कर्जदार, जामीनदार, पत्ते, गाड्या. ऑपरेटर नावाचा तुकडा टाकतो, मग तिथून जामिनाची साखळी उलगडायची. क्वेरी रडत होती. प्लॅन (डेटाबेस क्वेरी कशी चालवतो त्याचा आराखडा) उघडला तर त्या लेबलचे, म्हणजे त्या प्रकारचे, सगळे नोड (नोंदी) चाळून वर फिल्टर. म्हणजे कर्मचाऱ्यांपेक्षा चौकीदारच जास्त! आधीच्या टीमने नावाला टू-लोअरमध्ये (लहान अक्षरं करणारं फंक्शन) गुंडाळून त्यावर कंटेन्स (तुकडा कुठेही आहे का) लावलेलं. प्रॉपर्टी (नोंदीतला रकाना) फंक्शनमध्ये गेली की इंडेक्स (शोधाची सूची) असून नसल्यासारखा. लोअरकेस नाव वेगळ्या प्रॉपर्टीत ठेवलं, त्यावर टेक्स्ट इंडेक्स टाकला, गाडी रुळावर.

रेंज इंडेक्स (क्रमाने लावलेली सूची) स्टार्ट्स-विथला (सुरुवातीवरून शोध) उत्तम, पण कंटेन्स नि एंड्स-विथला (शेवटावरून) तो अख्खा पालथा घालावा लागतो. त्यासाठीच निओफोरजे ४.४ पासून टेक्स्ट इंडेक्स आहे, पाचव्या आवृत्तीत तो ट्रायग्रॅमवर (तीन-तीन अक्षरांचे तुकडे) आला. शब्दावर शोध आणि स्कोअर (किती जुळलं त्याचे गुण) हवा तर ३.५ पासून फुलटेक्स्ट, आत ल्युसीन हे शोधाचं इंजिन. इलास्टिकच्या पोटात दुसरं काय आहे हो?

खडूस_काका
तो "एक" मीच. नाव घेऊन बोल की!
सोयीचं तेवढं सांगितलंस. फुलटेक्स्ट इंडेक्स प्लॅनर (क्वेरीचा आराखडा ठरवणारा भाग) आपणहून उचलत नाही, प्रोसिजर (वेगळी आज्ञा) कॉल करावी लागते. ट्रायग्रॅमला तीनपेक्षा कमी अक्षरं दिली की पुन्हा सगळं चाळणं आलंच. आणि तुझा ऑपरेटर दोन अक्षरं टाकूनच एंटर मारणार, लिहून ठेव.

रात्रपाळी
दोन अक्षरांवर शोध मारू द्यायचाच कशाला? स्क्रीनवरच अडवा. आणि तुमच्या इलास्टिकमध्ये डेटा दुसऱ्यांदा ठेवायचा, तो ताजा राहतो की नाही हे रात्री दोनला उठून कोण बघणार? मीच ना.

फुकट_सल्ला
इलास्टिकचं नाव काढू नका. २०२१ मध्ये अपाचे हा मुक्त परवाना सोडला, अमेझॉनने जुन्या कोडचा फाटा काढून ओपनसर्च केलं, २०२४ मध्ये यांना पुन्हा ओपन सोर्सचा पुळका आला. तोवर आम्ही वकिलाचे पैसे भरून बसलो. निओफोरजेही काही संत नाही, क्लस्टरिंग (अनेक सर्व्हर एकत्र) हवं तर पैशांची एंटरप्राइज आवृत्ती घ्या. पोस्टग्रेस या तक्त्यांच्या डेटाबेसमध्ये पीजी-ट्रायग्रॅम ही ट्रायग्रॅम शोधाची जोडणी टाका आणि झोपा.

खडूस_काका
आणि जामिनाची साखळी काय रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणाऱ्या) क्वेरीने विणत बसू? विषय काय, तुमचं काय.

टंकलेखिका
इंडेक्सवर भांडताय, पण ऑपरेटरला "वऱ्हाडे" सापडतो का ते आधी बघा. आमच्याकडे एकाच माणसाच्या दोन नोंदी निघाल्या. एकीत ऱ आणि हलन्त, दुसरीत साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह). पडद्यावर अगदी एकसारखे! तिसरी तऱ्हा म्हणजे र खाली नुक्ता, ती एनएफसीने (युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराच्या तऱ्हा एकसारख्या करणं) पहिलीशी जुळते. झेडडब्ल्यूजेवाली जुळत नाही. "ॲड." तर त्याहून वाईट. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आलं, जुन्या नोंदी अ वर अर्धचंद्र देऊन टाईप केलेल्या, आणि कुठलंही नॉर्मलायझेशन या दोघांना एक मानत नाही. कंटेन्स एक सेकंदात परत येवो की एका मिलिसेकंदात, रिकामाच येणार.

फुकट_सल्ला
सगळं रोमनमध्ये ठेवा, कटकट मिटेल.

टंकलेखिका
हो, मग Deshpande की Deshpandey यावर दुसरा धागा काढा. माणसाचं नाव त्याच्या लिपीत ठेवायला आवडत नसेल तर काम सोडा.

सांगलीचा_गडी
ताई, राग आवरा, पण मुद्दा बिनतोड आहे. आमच्या लोन विभागात "देशपांडे" नि "देशपान्डे" वेगळे जामीनदार म्हणून वर्षानुवर्षं नांदले. एकच माणूस दोन्ही नावांनी जामीन राहिला, आणि आम्ही म्हणतोय साखळी स्वच्छ आहे!

खडूस_काका
हे इलास्टिकमध्ये आयसीयू प्लगइन (युनिकोड हाताळणारी जोडणी) आणि दोन कॅरेक्टर मॅपिंगने (एका अक्षराऐवजी दुसरं) सुटतं. म्हणूनच म्हणत होतो.

टंकलेखिका
अहो काका, तेच मॅपिंग नोंद साठवताना पायथनमध्ये चार ओळीत करून शोधायची प्रॉपर्टी वेगळी ठेवली, तर यांचा टेक्स्ट इंडेक्सही चालतो. फक्त शोधशब्दही त्याच चाळणीतून जायला हवा. मूळ नाव तसंच राहतं.

खडूस_काका
ठीक. नावापुरतं मान्य. पतसंस्थेच्या ठरावांची पानं शोधायची वेळ आली की या माझ्याकडे, चहा तुमच्याकडून.

रात्रपाळी
ठरावांसाठी इलास्टिक लावा, कोण अडवतंय? टंकलेखिका ताई, त्या चार ओळी इथे डकवा ना. अर्धचंद्रवाला भाग आमच्यात अजून नाहीये.