मदत हवी आहे: सिंथ ॲपचा आवाज गॅरेजबँडमध्ये घेताना पट्टी चढायली

नमस्कार मंडळी,

मी गंगाखेडजवळच्या एका खेड्यात राहतो. जनाबाईचं गाव शेजारी, त्यामुळं आमच्या भजनी मंडळात तिचे अभंग आधी, बाकीचे मग. मी पेटी वाजवतो. यंदा सप्ताहाच्या आधी तीन अभंग रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर सोडायचे ठरले आणि "तुला मोबाईलमधलं कळतं" म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. कळत काही नाही, हे आता तीन रात्रींनंतर माझ्या ध्यानात आलंय.

सामान असं: पुतण्यानं वापरून दिलेला आयफोन ६ एस (काच तडकलेली, पण चालतो), वायरचा हेडफोन, फोनमध्ये गॅरेजबँड हे रेकॉर्डिंगचं ॲप. गायन आणि पखवाज फोनच्याच माइकवर घेतले. खोली पत्र्याची, म्हणून चारही बाजूंनी गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला आणि विमान मोड लावला. पहिल्याच टेकमध्ये पाहुण्याचा फोन आला होता. घामानं सगळे भिजले, पण आवाज चांगला आला. आबांनी पखवाजाच्या डाव्या तोंडाला ताजी कणीक लावून, उजवं तोंड ठोकून ठोकून काळी दोनला आणलं होतं. सुकली की कणीक पुन्हा ओली करायची, पुन्हा ठोकायचं. म्हणजे पखवाज आता काळी दोनलाच राहणार. तो परत घ्या म्हणलं तर आबा मलाच ठोकतील.

अडचण पुढं आहे. अभंगाच्या मागं तंबोऱ्यासारखा भरीव आवाज हवाय. पेटी माइकवर घेतली की भात्याचा फस्स-फस्स आवाज येतो. म्हणून दोन सिंथ ॲप (फोनवरच वाद्याचे आवाज काढणारी) घेतली. एक मूग कंपनीचं मॉडेल डी, खालच्या षड्जासाठी. ते गॅरेजबँडच्या आतच उघडतं, काही त्रास नाही. दुसरं एक जुनं, फुकट मिळालेलं पॅडचं (लांबलचक, भरीव सुरांचं) ॲप. त्याचा आवाज असा की डोळे मिटावेत, पण त्यानंच डोकं उठवलंय:

१) ते गॅरेजबँडच्या आत उघडत नाही. बाह्य वाद्यांच्या यादीत 'इंटर-ॲप ऑडिओ' (एका ॲपचा आवाज दुसऱ्यात न्यायची सोय) खाली दिसतं, त्यावर बोट ठेवलं की वेगळं उघडतं. तिथं पट्ट्या दाबून गॅरेजबँडकडं परत आलो की आवाज गप्प.

२) कसंबसं एकदा रेकॉर्ड झालं. तर ते बरोब्बर २० सेकंदांनी तुटलं. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा २० सेकंद. टेंपो ९६ (मिनिटाला ९६ ठोके) आहे, चार मात्रांचा हिशोब.

३) आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते २० सेकंदसुद्धा बेसूर. काळी दोन दाबली आणि पेटी लावून पाहिलं, तर पांढरी तीनही नाही आणि पांढरी चारही नाही, मधल्या फटीत कुठंतरी. आदल्या दिवशी हेच ॲप पेटीला तंतोतंत लागत होतं!

फोन बंद करून चालू केला, ॲप काढून परत टाकलं. एवढं झालंय, तेव्हा तेवढं सोडून सांगा. पैसे घालायचे झाले तरी थोडेच आहेत.

——

*मोंढ्यावरचा:* दुसऱ्या फोनवर पॅड वाजवा, पहिल्याच्या माइकसमोर धरा. मी असंच करतो.

*धागाकर्ता:* भाऊ, मग भात्याचा आवाज काय वाईट होता?

*उस्मानपुऱ्याची टकटक:* क्रमांक दोन आधी संपवते, कारण तो सोपा आहे. गॅरेजबँड नवीन गाण्याचा भाग आठ बारचा धरतं. बार म्हणजे चार ठोक्यांचा गट, आठ बार म्हणजे ३२ ठोके, ९६ च्या टेंपोला बरोबर २० सेकंद. वर उजवीकडं अधिकचं चिन्ह आहे, ते दाबा, भागावर बोट ठेवा आणि लांबी 'ऑटोमॅटिक' करा. यात सगळेच एकदा पडतात. मी तर फोन भरला म्हणून लग्नाचे फोटो उडवले होते.

*पट्टीमास्तर:* पॅड रेकॉर्ड करताना हेडफोन लावलेला होता का?

*धागाकर्ता:* नव्हता. आबांना ऐकवायचं म्हणून काढला, स्पीकरवर लावलं. त्याचा काय संबंध?

*पट्टीमास्तर:* सगळा तोच संबंध आहे. डिजिटल आवाज म्हणजे सेकंदाला ठरावीक नमुने. तुमच्या फोनला वायरचा हेडफोन लावला की हिशोब ४४,१०० चा असतो. पण ६ एसपासून आयफोनचा आतला स्पीकर ४८,००० वर चालतो. नीट लिहिलेलं ॲप हा बदल ओळखून स्वतःला जुळवून घेतं. तुमचं पॅड जुनं आहे, ते ४४,१०० च धरून नमुने बनवत बसलं, आणि फोन ते ४८,००० च्या वेगानं संपवायला लागला. टेपरेकॉर्डरची मोटार जोरात फिरली की गाणारा चिरकायचा ना, तेच. फरक येतो जवळजवळ दीड पट्टी. काळी दोनवरून दीड पट्टी चढा, पांढरी तीन आणि चारच्या मध्येच पोचाल. तुमचा कान पक्का आहे, शंका घेऊ नका.

उपाय: दोन्ही ॲप पूर्ण बंद करा. आधी हेडफोन लावा, मग गॅरेजबँड, मग पॅड. काम संपेपर्यंत पिन काढायची नाही. आबांना दुसरा हेडफोन द्या. ब्लूटूथचा मात्र नको. त्यात बोट आधी पडतं आणि सूर मागून येतो, वाजवणारा वेडा होतो.

*उस्मानपुऱ्याची टकटक:* आता क्रमांक एक. मॉडेल डी आत उघडतं कारण ते 'ऑडिओ युनिट' म्हणूनही चालतं. ती सोय आयओएस ९ बरोबर २०१५ मध्ये आली. तुमचं पॅड त्याआधीच्या पद्धतीचं आहे. इंटर-ॲप ऑडिओ २०१३ चं, आणि २०१९ मध्ये ॲपलनं ते मोडीत काढायचं जाहीर केलं. चालतंय तोवर चालवा, पण पुढं नवं ॲप घ्याल तेव्हा ऑडिओ युनिट आहे का ते बघूनच घ्या.

आवाज गप्प होण्यावर दोन जागा तपासा. गॅरेजबँडमध्ये गाण्याच्या सेटिंगमध्ये 'ॲडव्हान्स्ड'खाली 'रन इन बॅकग्राउंड' चालू करा. पॅडच्या सेटिंगमध्येही 'बॅकग्राउंड ऑडिओ' असं काही असेल, तेही चालू. आणि मुळात परत यायची घाईच करू नका. इंटर-ॲप ऑडिओनं जोडलं की पॅडच्याच पडद्यावर गॅरेजबँडची खूण आणि रेकॉर्डचं लाल बटण दिसायला हवं. तिथूनच सुरू करा, तिथंच वाजवा, तिथंच थांबवा.

एक फरक डोक्यात ठेवा. मॉडेल डीमध्ये चुकीची पट्टी दाबली गेली तर नंतर तेवढीच सरकवता येते, कारण तिथं आवाज नाही, नुसत्या पट्ट्या नोंदल्या जातात. पॅडचा मात्र थेट आवाजच साठतो. चुकलं की पुन्हा घ्या.

*पट्टीमास्तर:* एवढं करूनही जमलं नाही तर एयूएम नावाचं ॲप आहे, विकतचं. त्यात पॅड जोडायचं, तिथं रेकॉर्ड करायचं, फाइल गॅरेजबँडमध्ये आणायची. पॅडला ताल नसतो, त्यामुळं फाइल थोडी मागंपुढं बसली तरी कळत नाही. पण आधी फुकटचं करून बघा.

——

*धागाकर्ता:* काल रात्री बसलो. हेडफोन आधी लावला, पॅड उघडलं, पेटीचा षड्ज धरला. एकच सूर! अंगावर काटा आला. लाल बटण पॅडच्या पडद्यावर होतंच, डाव्या कोपऱ्यात, काचेच्या तड्याच्या बरोबर खाली. इतके दिवस मी ते बटण म्हणजे तडाच समजायलो होतो.

ऑटोमॅटिक केल्यावर पहिला अभंग सव्वाचार मिनिटं सलग घेतला. मधेच लाइट आली आणि शेजारच्या शेतातली मोटार सुरू झाली. मी कपाळावर हात मारला, आणि मग लक्षात आलं की पॅड माइकमधून जातच नाही. ट्रॅकवर मोटारीचा 'म'सुद्धा नाही.

बॅकग्राउंडचं पॅडमध्ये सापडलं, बंदच होतं. टकटकताई, मास्तर, दोघांचे आभार. मोंढ्यावरच्या भाऊंचेही, हसू आलं तेवढंच.

एयूएम लागलं नाही. दोन अभंग राहिलेत. आबांनी ऐकलं, आणि आता म्हणायलेत की पॅड जरा खाली घे, पखवाज ऐकू येईना. ते धागा न काढता जमेल.