गेमिंग लॅपटॉपसाठी प्रोसेसर कुठला घेऊ? आय ७ की रायझेन ७?

निशाचर_गेमर
मंडळी, दोन लॅपटॉपवर येऊन अडकलोय. एकात इंटेलचा आय ७ १३६२०एच आणि आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्ड, दुसऱ्यात एएमडीचा रायझेन ७ ७७३५एचएस आणि आरटीएक्स ४०६०. दोन्हीत १६ जीबी रॅम आणि १४४ हर्ट्झचा फुल एचडी डिस्प्ले. मी जास्त करून व्हॅलोरंट खेळतो, अधूनमधून सायबरपंक, आणि पुढे स्ट्रीमिंग पण करायचंय. मित्र म्हणतो की रायझेनचा हा प्रोसेसर जुना आहे, आय ७ च घे. खरंय का?

कोअर_मोजणारा
मित्र चुकीचं नाही सांगत. ७७३५ मधला तिसरा आकडा बघ, ३ आहे, म्हणजे झेन ३ प्लस (झेन म्हणजे रायझेनच्या आतल्या डिझाइनची पिढी), नाव २०२३ चं असलं तरी आतलं डिझाइन आधीचं. ७८४० मध्ये तिथे ४ असतो, तो झेन ४. आय ७ मध्ये ६ परफॉर्मन्स कोअर, ४ एफिशियन्सी कोअर आणि २४ एमबी कॅश (प्रोसेसरमधली छोटी वेगवान मेमरी), रायझेनमध्ये ८ कोअर आणि १६ एमबी. त्यामुळे नुसता प्रोसेसर बघितला तर आय ७ पुढे.
पण तरी मी ४०६० वालाच घेईन. सायबरपंक हाय सेटिंगला लावलास की सगळा भार जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डवर जातो आणि प्रोसेसर त्याची वाट बघत बसतो. शिवाय ४०५० ला व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डची स्वतःची मेमरी) फक्त ६ जीबी, ४०६० ला ८, आणि व्हीरॅम नंतर वाढवता येत नाही रे.

फ्रेमवेडी
व्हॅलोरंटचं गणित मात्र उलटं आहे हं. तो गेम जीपीयूला फार हलका, तिथे फ्रेम (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) प्रोसेसरवर ठरतात, त्यामुळे तिथे आय ७ जास्त फ्रेम देईल. पण तुझा डिस्प्ले सेकंदाला १४४ च फ्रेम दाखवतो आणि तेवढ्या दोन्ही प्रोसेसर आरामात देतात. पुढे २४० किंवा ३६० हर्ट्झचा मॉनिटर जोडायचा असेल तरच प्रोसेसरवर जोर दे. आणि स्ट्रीमिंगचं टेन्शन नको घेऊ, ओबीएसमध्ये (स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर) एन्कोडर म्हणून एनव्हेंक (NVENC) निवड, एन्कोडिंग, म्हणजे व्हिडिओ पाठवण्यासाठी तयार करणं, ग्राफिक्स कार्डमधला वेगळा भाग करतो, प्रोसेसरवर फारसं ओझं येत नाही.

निशाचर_गेमर
मॉनिटरचा सध्या तरी विचार नाही. मग ४०६० डोळे झाकून घेऊ का?

कोअर_मोजणारा
डोळे झाकून नको! ४०६० किती वॅटची आहे ते आधी बघ, लॅपटॉपमध्ये ती ३५ पासून ११५ वॅटपर्यंत येते, नाव तेच राहतं आणि फ्रेममध्ये भरपूर फरक पडतो. कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये टीजीपी म्हणून आकडा असतो, १०० च्या वर असेल तर बिनधास्त घे.

फ्रेमवेडी
आणि रॅम १६ ची एकच स्टिक आहे की ८ च्या दोन, ते विचार. एकच स्टिक म्हणजे सिंगल चॅनल, त्यात प्रोसेसरला डेटा वेळेवर मिळत नाही, ॲव्हरेज एफपीएस (सेकंदाला फ्रेम) चांगला दिसतो पण ऐन फाइटमध्ये गेम अडखळतो. एकच असेल तर तशीच दुसरी टाकून घे. मक्स स्विच (ग्राफिक्स कार्ड थेट डिस्प्लेला जोडणारा) आहे का तेही बघून ठेव, व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये फायदा होतो. घेतल्यावर सायबरपंकसारखा जड गेम चालू असताना जीपीयू युसेज बघ, ९५ टक्क्यांच्या वर असेल तर प्रोसेसर पुरेसा आहे, ६०-७० वर अडकला आणि फ्रेमला कॅप (मर्यादा) पण लावलेला नसेल तर प्रोसेसर किंवा रॅम कमी पडतेय.

निशाचर_गेमर
मस्त, टीजीपी आणि रॅम दोन्ही विचारतो आज. ४०६० ची टीजीपी ६०-७० च निघाली तर परत येतो इथे.