मदत हवी आहे: बेळगावसाठी टी-शर्टवर घालायला एक ओळ सुचवा

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आमच्या गल्लीतली टीम कोल्हापूरला टेनिस बॉलच्या स्पर्धेला जाणार. हुबळीचीही एक टीम येतेय. कोल्हापूरकरांचं काम सोपं, 'जगात भारी कोल्हापुरी' छापलं की झालं. हुबळीवाले परवापासून स्टेशनच्या १५०७ मीटर प्लॅटफॉर्मवरून भाव खाताहेत, जगातला सगळ्यात लांब म्हणे. (आहे खरा, पण तो काय त्या पोरांनी बांधलाय?)

आमचं अडलंय. 'कुंद्याचं गाव' म्हटलं की लगेच कोणीतरी धारवाडचा पेढा पुढे करतं, आणि जीआय टॅग त्या पेढ्याला आहे, गप्प बसावं लागतं. मला स्वतःला १९२४ चं काँग्रेस अधिवेशन आवडतं. गांधीजी अध्यक्ष झाले ते एवढ्या एकाच अधिवेशनात, आणि ते आपल्या टिळकवाडीत. पण हे पाठीवर मावणार कसं? प्रिंटवाल्याने नमुना काढला तर 'अधिवेशन' बगलेत गेलं.

अटी दोनच. चार-पाच शब्दांत बसावं. आणि सीमाप्रश्न नको. टीममध्ये तिघे कन्नड बोलणारे आहेत, त्यातला एक आमचा ओपनर. त्यांनाही घालायला आवडेल असं हवं. मराठा लाइट इन्फन्ट्री, किल्ला, पाऊस, काहीही चालेल.

कन्नडमध्येही तीच ओळ जमत असेल तर तीही लिहा, बाहीवर घेऊ. शनिवारी ऑर्डर द्यायची आहे.