मॉर्मन म्हणजे अनेक बायका, हा समज कोणाच्या मुळावर आला?

केतकी

गेल्या उन्हाळ्यात सासू-सासरे पुण्याहून आमच्याकडे आले होते. आम्ही अमेरिकेतल्या यूटा राज्यात राहतो, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला. शेजारी मॉर्मन कुटुंब आहे, म्हणजे जोसेफ स्मिथने अमेरिकेत काढलेल्या चर्चचे अनुयायी; नवरा-बायको आणि पाच मुलं. पहिल्याच संध्याकाळी शेजारी परसातल्या झाडाची जर्दाळू घेऊन आला. चहा विचारला, तर नको म्हणाला, कारण चहा-कॉफी त्यांना वर्ज्य. आणि मग बाबांनी, मनात काही न ठेवता, त्याला विचारलं, "तुम्हाला बायका किती?"

त्याचा चेहरा उतरला. "एकच," म्हणाला. थोडं थांबून पुढे म्हणाला, "माझ्या खापरपणजोबांना तीन होत्या. त्यापायी ते तुरुंगात जाऊन आले. आज मी दुसरी केली तर चर्च मला काढून टाकेल."

तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. मॉर्मन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लांब झग्यातल्या, केसांचा उंच फुगा काढलेल्या बायका आणि त्यांच्या मधोमध एक म्हातारा येतो. तसे लोक आहेत. पण ते फुटून निघालेल्या पंथांचे आहेत. मूळ चर्चने १८९० साली बहुपत्नीत्व सोडल्याचं जाहीर केलं, आणि ज्यांना ते मान्य नव्हतं त्यांच्या पुढच्या पिढ्यांतून हे पंथ उभे राहिले. मूळ चर्च आज १ कोटी ७० लाखांहून जास्त सदस्य सांगतं. त्यापुढे पंथवाले मूठभर.

माझं म्हणणं असं की या गल्लतीने दोघांचंही वाटोळं केलं. साध्या मॉर्मनांना जन्मभर हा प्रश्न झेलावा लागतो, आणि पंथातल्या मुलींपर्यंत मदत पोचायला पन्नास वर्षं उशीर झाला.

१९५३ सालचं शॉर्ट क्रीक घ्या. ॲरिझोना आणि यूटाच्या सीमेवरचं हे पंथवाल्यांचं गाव. २६ जुलैला गव्हर्नर हॉवर्ड पाइल यांनी पहाटे पोलीस घुसवले, बरोबर छायाचित्रकारही नेले. अख्खं गाव ताब्यात घेतलं, अडीचशेहून जास्त मुलं आयांसकट नेली. देश आपली पाठ थोपटेल असं त्यांना वाटलं होतं. वर्तमानपत्रांत फोटो आले ते रडणाऱ्या लेकरांचे. लोक उलटले, पुढच्या वर्षी पाइल निवडणूक हरले. यानंतर कित्येक वर्षं कोणताही अधिकारी त्या गावाच्या वाटेला जायला तयार नव्हता. ज्या गावावर पुढे पंथप्रमुख वॉरन जेफ्सने राज्य केलं, ते हेच गाव. सरकारची कारवाई शेवटी 'अनेक बायका' या मुद्द्यापाशीच थांबली. कोणत्या मुलीचं वय काय आणि तिला कोणी विचारलं का, हे तेव्हा शोधलं असतं तर?

सह्यकडा

केतकीताई, तुमच्या शेजाऱ्याबद्दल मला आदर आहे, पण तुम्ही चर्चला फार स्वस्तात सोडलंत.

१८९० चा जाहीरनामा चर्चने आपण होऊन काढला नाही. १८८७ च्या कायद्याने केंद्र सरकार चर्चची मालमत्ता जप्त करत होतं, हजारावर पुरुष तुरुंगात जाऊन आले होते, आणि यूटाला राज्याचा दर्जा हवा होता. १८९६ मध्ये तो मिळाला. दरम्यान गुपचूप लग्नं चालूच होती, म्हणून तर १९०४ मध्ये दुसरा जाहीरनामा काढावा लागला. ज्या संस्थेने चौदा वर्षं एक बोलून दुसरं केलं, तिच्याकडे लोक संशयाने बघतात यात लोकांचा काय दोष?

आणि बहुपत्नीत्वाला मान्यता देणारं जोसेफ स्मिथचं १८४३ चं ते वचन? मॉर्मनांच्या धर्मग्रंथात प्रकरण १३२ म्हणून ते आजही छापलं जातं. स्मिथने तीस-चाळीस स्त्रियांशी विवाह केले, त्यांतल्या एकीला पंधरावं पुरं व्हायलाही काही महिने बाकी होते, हे चर्चने स्वतःच्या संकेतस्थळावर स्पष्ट मान्य केलं २०१४ मध्ये. पंथवाले म्हणतात, आम्ही पुस्तकात आहे तेच करतो. ते खोटं बोलत नाहीत. मुळाशी जे आहे त्याचीच ही फांदी. फांदीकडे बोट दाखवून मूळ कसं झाकणार?

केतकी

झाकायचं नाहीच. पण लोकांचा राग बहुपत्नीत्वामुळे होता, हे मात्र मला पटत नाही. मिझुरीचे गव्हर्नर बॉग्ज यांनी मॉर्मनांना संपवा नाहीतर राज्याबाहेर हाकला, असा लेखी हुकूम काढला ऑक्टोबर १८३८ मध्ये. तीनच दिवसांनी हॉन्स मिल या मॉर्मन वस्तीवर जमावाने सतरा जण मारले, त्यांत मुलंही होती. तेव्हा बहुपत्नीत्व जाहीरही नव्हतं; चर्चने ते उघड सांगितलं १८५२ साली. मग राग कशाचा? हे लोक एकगठ्ठा मत देतात, जमिनी घेतात, आपापसातच व्यवहार करतात, नवा ग्रंथ मानतात. आपल्याकडेही परक्यांबद्दल हीच वाक्यं ऐकू येतात. तो हुकूम रद्द व्हायला १९७६ साल उजाडलं.

वकीलकाका

या विषयाचा आपल्या मुंबईशी थेट धागा आहे.

१८७९ मध्ये रेनॉल्ड्स नावाच्या मॉर्मनाच्या बहुपत्नीत्वाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की श्रद्धा ठेवायला मुभा आहे, पण श्रद्धेच्या नावावर गुन्हा करता येणार नाही. उदाहरण कशाचं दिलं? नवऱ्याच्या चितेवर जाळून घेणाऱ्या बाईचं. म्हणजे आपल्या सतीचं. त्याच निकालात असंही म्हटलंय की उत्तर आणि पश्चिम युरोपातल्या राष्ट्रांना बहुपत्नीत्वाचा कायमच तिटकारा होता, आणि मॉर्मन येईपर्यंत ती चाल जवळपास आशिया-आफ्रिकेपुरतीच होती. मॉर्मनांबद्दलच्या घृणेत 'हे गोरे असून आपल्यासारखे नाहीत, आशियाई लोकांसारखे वागतात' हा सूर होता. आपण भारतीयांनी मॉर्मनांना हसण्याआधी तो निकाल एकदा वाचावा.

आता मुंबई. १९४६ साली मुंबई प्रांताने हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी करणारा कायदा केला. त्याला आव्हान दिलं गेलं. युक्तिवाद असा की मुलगा होण्यासाठी दुसरं लग्न हा धर्म आहे, आणि बंदी फक्त हिंदूंना का? १९५१ मध्ये नरसू अप्पा माळी खटल्यात न्यायमूर्ती छगला आणि गजेंद्रगडकर यांनी कायदा उचलून धरला. त्यात छगलांनी आधार घेतला अमेरिकेतल्या मॉर्मनांविरुद्धच्या डेव्हिस विरुद्ध बीसन या १८९० च्या निकालाचा. श्रद्धेला संरक्षण आहे, पण आचार लोककल्याणाच्या आड आला तर त्याला बाजूला व्हावं लागेल, हे तत्त्व आपल्या न्यायशास्त्रात मॉर्मनांचं बोट धरून आलं म्हणा ना.

तत्त्व मला मान्य आहे. पण डेव्हिस खटल्यात घडलं काय होतं? आयडाहोत मत देण्याआधी शपथ घ्यावी लागे की मी बहुपत्नीत्व शिकवणाऱ्या कुठल्याही संघटनेचा सदस्य नाही. एकच बायको असलेला, अगदी अविवाहित मॉर्मनही त्यात मताधिकाराला मुकला. केतकी म्हणते ती गल्लत इथे कायद्यानेच केली होती, आणि न्यायालयाने त्यावर शिक्का मारला.

ध्रुव

प्रौढ माणसांनी राजीखुशीने काय करावं यात सरकारने पडूच नये, असं माझं मत. यूटाने २०२० मध्ये तेच केलं. आधी पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा गुन्हा होता, आता संमती असेल तर दंडावर भागतं, वाहतुकीचा नियम मोडल्यासारखं. धमकी, फसवणूक किंवा जबरदस्ती असेल तर मात्र गंभीर गुन्हा कायम आहे. लोकमतही सरकतंय. गॅलपच्या पाहणीत २००३ मध्ये जेमतेम ७ टक्के अमेरिकन बहुपत्नीत्व नैतिक मानत होते, २०२० मध्ये ते २० टक्के झाले. पण २०२३ च्या प्यू पाहणीत मॉर्मनांबद्दल प्रतिकूल मत देणारे अनुकूल मत देणाऱ्यांपेक्षा जास्तच निघाले. म्हणजे बहुपत्नीत्वाबद्दल लोक मऊ होत चाललेत, मॉर्मनांबद्दल नाहीत.

आणि या बायका म्हणजे गरीब गाई, हे तरी कोणी ठरवलं? यूटात बायकांना १८७० मध्ये मताचा हक्क मिळाला. बाहेरच्यांना वाटलं, आता त्या बहुपत्नीत्व मोडून काढतील. त्यांनी नाही मोडलं. मग १८८७ मध्ये केंद्राने तो हक्कच काढून घेतला! मार्था ह्यूज कॅनन डॉक्टर होती, सहा बायकांतली चौथी. १८९६ मध्ये ती राज्याच्या सिनेटवर निवडून आली, अमेरिकेतली पहिली. हरलेल्या उमेदवारांत तिचा नवराही होता.

अबोली

ध्रुव, मार्थाबाईंचं पुढचंही सांग. नवऱ्याच्या खटल्यात आपल्याला साक्षीला ओढतील म्हणून ती डॉक्टर बाई तान्ह्या मुलीला घेऊन इंग्लंडला परागंदा झाली होती. आपण कोणाची बायको हे उघड सांगायची सोय नव्हती तिला.

'राजीखुशी' हा शब्द वाचून माझं डोकं उठलं, म्हणून लिहितेय. मी कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत समुपदेशक म्हणून बावीस वर्षं काम केलंय. जबरदस्ती म्हणजे दरवेळी मारहाण नसते. शॉर्ट क्रीकमध्ये घरं कोणाच्या नावावर होती? पंथाच्या ट्रस्टच्या. प्रमुखाची मर्जी फिरली की घर गेलं. इतकंच नाही, तो एका पुरुषाची बायका-मुलं काढून दुसऱ्याला देत असे. म्हाताऱ्यांना बायका पुरायला हव्यात, म्हणून तरुण पोरांना क्षुल्लक कारणावरून गावाबाहेर सोडून देत. सोळा-सतरा वर्षांची शेकडो पोरं, शाळा अर्धवट, आईला फोनही करायचा नाही. अशा ठिकाणी जन्मलेली मुलगी अठराव्या वर्षी 'हो' म्हणते, त्या 'हो'ला मी संमती म्हणणार नाही.

वॉरन जेफ्सला २०११ मध्ये टेक्ससमध्ये जन्मठेप झाली. मुली होत्या बारा आणि पंधरा वर्षांच्या. शिक्षा झाली तरी त्याचं राज्य तुरुंगातून चालू राहिलं. मग सॅम्युएल बेटमन नावाचा दुसरा 'प्रेषित' निघाला, वीसच्या वर 'बायका', त्यांत कितीतरी अल्पवयीन. २०२२ मध्ये तो पकडला गेला कसा? गाडीमागच्या बंद ट्रेलरच्या फटीतून रस्त्यावरच्या लोकांना मुलींची बोटं दिसली, म्हणून. त्याला ५० वर्षांची शिक्षा झाली २०२४ मध्ये. यूटाचा मऊ कायदा २०२० चा आहे. दोन वर्षांनीही त्या मुलींना शोधलं ते वाटसरूंनी.

ध्रुव

अबोलीताई, बेटमन ॲरिझोनात पकडला गेला आणि शिक्षा झाली ती मुलींवरच्या गुन्ह्यांसाठी. माझा मुद्दा तोच आहे. अनेक बायका असणं हाच गुन्हा असेल, तर पंथातली बाई पोलिसांकडे कशी जाणार? तक्रार केली तर पहिली तीच आरोपी, आणि मुलं सरकारजमा.

पण घरं ट्रस्टच्या नावावर असताना संमती कसली, याला माझ्याकडे उत्तर नाही. ते मान्य करतो.

सह्यकडा

टेक्ससचं अर्धंच सांगितलं गेलं. एप्रिल २००८ मध्ये तिथल्या जेफ्सच्या पंथाच्या आश्रमावर छापा पडला तो एका फोनवरून, आणि तो फोन खोटा निघाला. चारशेवर मुलं नेली, आणि दोन महिन्यांच्या आत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने परत करायला लावली. पुन्हा शॉर्ट क्रीकच. पण त्याच छाप्यात मिळालेल्या पुराव्यांवर जेफ्स आत गेला. ही बाब मला छळते. छापा घालायला नको होता असं म्हणवत नाही, आणि तान्ही मुलं आईपासून तोडली ते बरोबर होतं असंही म्हणवत नाही.

वकीलकाका

पुरावा न्यायालयात टिकला, म्हणून छापा धुतला जात नाही. पण छाप्यापेक्षा परिणाम झाला तो हिशेबाच्या वह्यांचा. २००५ मध्ये यूटाच्या न्यायालयाने तो ट्रस्ट प्रमुखाच्या हातून काढून घेतला. पुढे घरं तिथे राहणाऱ्यांच्या आणि हाकलून दिलेल्यांच्या नावावर होऊ लागली. हाकललेली माणसं परत आली. हिलडेलमध्ये, म्हणजे जुन्या शॉर्ट क्रीकच्या यूटाकडच्या भागात, २०१७ साली पंथाबाहेर पडलेली एक बाई महापौर म्हणून निवडून आली. अबोलीताईंनी नेमका दुखरा भाग दाखवला. सातबारा ज्याच्या नावावर, त्याचा देव मोठा. नाव बदललं तसं गाव बदललं.

अबोली

हे पटलं. आमच्याकडे येणाऱ्या बाईला आम्ही पहिलं हेच विचारतो, घर कोणाच्या नावावर आहे?

केतकी

सह्यकडा, तुमचं ते प्रकरण १३२ डोक्यातून जाईना, म्हणून काल शेजारणीशी बोलले. नवरा नसताना, ओट्यापाशी. प्रश्न कसा काढावा तेच कळत नव्हतं. मग सरळ विचारलं, हे सगळं तुमच्यात खरंच संपलंय का?

ती म्हणाली, या जगात संपलंय. त्यांच्या मंदिरात लग्न लागतं ते मरणापलीकडे, अनंतकाळासाठी. नवरा विधुर झाला तर दुसरीशीही त्याचं तसंच अनंतकाळाचं लग्न लागू शकतं, पहिलीचं न मोडता. तिची आई ती अकरा वर्षांची असताना गेली. वडिलांनी दोन वर्षांनी दुसरं लग्न केलं, मंदिरात. सावत्र आईने हिला मायेने वाढवलं, तिच्याविरुद्ध एक अक्षर ती बोलली नाही.

"पण माझ्या आईला," ती म्हणाली, आणि इंग्रजीत पुढचा शब्द तिला सापडेना. तो शब्द आपल्याकडे आहे. मी तिला मराठीतच सांगितला, सवत, आणि अर्थ समजावला. तिने तो दोनदा म्हणून पाहिला.

"बाहेरचे लोक माझ्या नवऱ्याला विचारतात, बायका किती," ती म्हणाली. "मला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. चर्चमध्येही नाही."