मदत हवी आहे : निबंधांवर डिजिटल अभिप्राय द्यायला कोणते साधन वापरावे?

कोरीवही (धागाकर्ती) :
नमस्कार. मी मराठी शिकवते. वहीवर कितीही सविस्तर शेरा लिहिला तरी मुले गुण पाहतात आणि वही दप्तरात टाकतात, म्हणून या वेळी निबंध गूगल क्लासरूमवर मागवले. आता तपासायला बसले, तर एखादे वाक्य निवडून त्यावर टिप्पणी लिहिता येत नाही. खाली सगळ्या निबंधाला मिळून एकच टिप्पणी लिहिली, तर ती कोणी उघडून पाहत नाही. सोमवारी निबंध परत करायचे आहेत. हे काम नीट करणारे साधन कोणते, एवढेच कृपया सांगावे.

पाटीपेन्सिल :
ताई, इयत्ता कोणती, मुलांनी निबंध टंकलेला आहे की हाताने लिहून फोटो जोडला आहे, आणि आपण संगणकावर तपासता की फोनवर, हे कळल्याशिवाय सांगणे अवघड आहे.

सह्याद्रीकाठ :
एवढ्या चौकशीची आवश्यकता वाटत नाही. गूगल डॉक्समध्ये निबंध लिहून घ्यावा. असाइनमेंट देतानाच ‘प्रत्येक विद्यार्थ्यासाठी प्रत’ हा पर्याय निवडावा, कारण एकदा ती प्रसिद्ध झाली की तो निवडता येत नाही. मग ‘सुचवणे’ या पद्धतीत दुरुस्त्या केल्या की मुलाला आपले मूळ वाक्य आणि सुचवलेला बदल दोन्ही दिसतात, आणि त्याने निबंध कसकसा बदलला हेही आवृत्त्यांच्या इतिहासात पाहता येते. आमच्या शाळेत सर्वजण हेच करतात.

तळटीप :
आपल्या शाळेत मुलांना संगणक मिळत असावेत. वडिलांच्या फोनवर मराठी टंकताना जोडाक्षरांशीच झगडणारे मूल निबंधाचा विचार कधी करणार? शिवाय शिक्षकाने सगळ्या दुरुस्त्या स्वतःच सुचवल्या आणि मुलाने ‘स्वीकारा’ एवढेच दाबले, तर त्यात शिकला कोण?

कोरीवही :
क्षमस्व, हे आधीच लिहायला हवे होते. इयत्ता आठवी, दोन तुकड्या. निबंध हस्तलिखित आहेत आणि मुलांनी पालकांच्या फोनवरून वहीच्या पानांचे फोटो जोडले आहेत. फोन संध्याकाळी थोडा वेळच हाती येतो. मी शाळेच्या संगणकावर तपासते. गुण त्याच ठिकाणी भरले आहेत, परंतु अजून काहीच परत केलेले नाही.

गणिती_काका :
माझ्या अनुभवानुसार गूगल फॉर्मची प्रश्नमंजूषा सर्वोत्तम आहे. बरोबर आणि चूक उत्तरासाठी वेगवेगळा अभिप्राय आधीच लिहून ठेवता येतो आणि मुलाने उत्तरे पाठवताच निकाल दिसतो, त्यामुळे तपासण्याचा प्रश्नच उरत नाही.

तळटीप :
काका, ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या निबंधाचे बरोबर उत्तर कोणते धरावे?

पाटीपेन्सिल :
आता उलगडा झाला. फोटोतला मजकूर म्हणजे केवळ चित्र असते, म्हणून वाक्य निवडले जात नाही. मात्र टिप्पणीचे चिन्ह दाबून हव्या त्या ओळींभोवती चौकट ओढली, तर टिप्पणी त्या भागाला जोडली जाते. क्लासरूमच्या फोनवरील ॲपमध्ये तर फाइल उघडून पेन्सिलीच्या चिन्हावर बोट ठेवले की थेट पानावर लाल शाईने लिहावे तसे लिहिता येते. दुसरे म्हणजे, ‘परत करा’ दाबल्यावरही जी सूचना जाते ती मुलाच्या शाळेच्या ईमेलवर जाते आणि तो ईमेल पालकांच्या फोनवर क्वचितच कोणी पाहतो. त्यामुळे निबंध परत केल्याचे वर्गात सांगावेच लागते.

गुणांबाबतही एक सुचवतो. संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इस्राएलमधील शालेय मुलांवरील अभ्यासात, ज्यांना केवळ टिप्पण्या मिळाल्या त्यांचे काम सुधारले. ज्यांना टिप्पणीसोबत गुणही मिळाले त्यांना मात्र टिप्पणीचा तसा लाभ झाला नाही. आपली मुले वहीवर जे करतात तेच हे आहे. क्लासरूममध्ये गुणांची जागा रिकामी ठेवूनही काम परत करता येते. आधी टिप्पण्या द्याव्यात, पुनर्लेखन मागवावे आणि गुण त्यावर द्यावेत.

सह्याद्रीकाठ :
वाचायला हे छान आहे, परंतु पालक गुणच विचारतात आणि आकारिक, म्हणजे सत्रभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या नोंदी शाळेला वेळेवर लागतात. दोन तुकड्यांचे निबंध दोनदा तपासायला वेळ कोठून आणायचा? त्यासाठी ‘टिप्पणी संच’ वापरावा. वारंवार लागणारी वाक्ये साठवून ठेवली की तपासताना # टंकताच ती समोर येतात.

तळटीप :
त्या संचाचे काय होईल हे आपण पाहिलेले आहे. २०१० मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, मुलाचे निरीक्षण करून वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असे ठरले, आणि पुढे तयार नोंदींच्या याद्या हातोहात फिरू लागल्या. ‘स्वतःचे मत स्पष्टपणे मांडतो’ हे वाक्य किती प्रगतिपुस्तकांवर चिकटले असेल, याचा हिशेब नको! शुद्धलेखनाच्या सूचनांपुरता संच ठीक आहे. निबंधाच्या आशयावर मात्र तयार वाक्य चालत नाही.

मी मिनिटभराचा आवाजी अभिप्राय देते. ‘तुझ्या दुसऱ्या परिच्छेदात एसटीचा थांबा आला आहे, पण भिजत उभे असताना तुला काय दिसले, काय ऐकू आले, ते नाही. तेवढ्या चार ओळी नव्याने लिहून आण.’ एवढे बोलायला टंकण्यापेक्षा कमी वेळ लागतो, आणि चारच ओळी परत तपासायच्या असल्यामुळे दुसरी फेरीही जड जात नाही.

सह्याद्रीकाठ :
चार ओळींपुरते पुनर्लेखन असेल, तर माझा वेळेचा आक्षेप मागे घेतो. पालकांना तोंड आपणच द्यावे.

कोरीवही :
सर्वांचे आभार. भरलेले गुण काढून ठेवते आणि प्रत्येकाच्या निबंधात दोनच ठिकाणी चौकट ओढून टिप्पणी करते. तळटीपताई, आवाजी अभिप्राय व्हॉट्सॲपच्या वर्गगटावर टाकला तर चालेल का?

तळटीप :
गटावर अजिबात टाकू नये. एकाच्या निबंधातील उणिवा साऱ्या वर्गाच्या पालकांनी ऐकण्याचे कारण नाही. ध्वनिफीत गूगल ड्राइव्हवर चढवून तिचा दुवा त्या मुलाच्या खासगी टिप्पणीत द्यावा. मात्र दुवा देण्यापूर्वी ती फाइल त्या मुलाच्या शाळेच्या खात्याशी शेअर करावी, आणि पालकांच्या फोनवर तेच खाते निवडून दुवा उघडायचा आहे असे त्याला सांगून ठेवावे. नाहीतर ‘परवानगी मागा’ एवढेच त्याला दिसेल.