आमच्याच नावाचं अनोळखी वायफाय दिसतंय, कसं शोधू?

वायफायग्रस्त:
मंडळी, सल्ला हवाय. ऑफिस दोन मजल्यांचं, ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे डबे) भरपूर. तरी २.४ गिगाहर्ट्झवरचे प्रिंटर आणि बारकोड स्कॅनर जेवणाच्या सुट्टीत हमखास नेटवर्कवरून गळतात. त्यात भर म्हणजे मोबाइलवर आमच्याच नावाचं एक नेटवर्क दिसतं, त्याचा बीएसएसआयडी (वायफाय पसरवणाऱ्या यंत्राचा हवेत दिसणारा पत्ता) आमच्या यादीत नाही. साहेबांनी 'हॅकिंग' म्हणून हाकाटी पिटलीये. महागड्या उपकरणांना मंजुरी मिळणार नाही. फुकटात काय जमेल?

तारवाला:
दोन वेगळे प्रश्न आहेत, एकत्र करू नका.

आधी अनोळखी बीएसएसआयडी. हा पत्ता ० ते ९ आणि ए ते एफ अशा अंकांच्या सहा जोड्यांचा असतो. त्याचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल, तर पत्ता कारखान्यात दिलेला नाही, यंत्राने स्वतः बनवलेला आहे. एकच ॲक्सेस पॉइंट तीन-चार नेटवर्क पसरवतो तेव्हाही असे पत्ते तयार होतात, म्हणजे ते तुमचंच यंत्र असू शकतं. नसेल तर स्विचचा (सगळ्या तारा जिथे जोडतात त्या डब्याचा) मॅक टेबल, म्हणजे कोणत्या पोर्टावर कोणता पत्ता आहे त्याची यादी, उघडा. बऱ्याच यंत्रांत तारेकडचा पत्ता आणि हवेतला पत्ता शेवटच्या एक-दोन अंकांनीच वेगळा असतो, म्हणून पूर्ण पत्ता न शोधता सुरुवातीच्या पाच जोड्या शोधा. टेबलमध्ये सापडला तर ते यंत्र तुमच्या नेटवर्कात आहे, आणि कोणत्या पोर्टावर तेही लगेच कळेल. नाव तुमचं पण पासवर्ड नाही असं असेल, तर मात्र कोणीतरी लोकांना फसवायला सापळा लावून बसलंय असं धरून चाला.

कंट्रोलरभक्त:
एवढी उठाठेव कशाला? कंट्रोलरमध्ये (सगळे ॲक्सेस पॉइंट एकत्र सांभाळणाऱ्या यंत्रणेत) अनोळखी नेटवर्क बंद पाडणारं 'कंटेन' बटण असतं. दाबा, बाकीचं तो बघतो.

तारवाला:
नका दाबू! ते बटण समोरच्या नेटवर्कला जोडलेल्या यंत्रांना खोट्या डीऑथ फ्रेम ('जोडणी तोड' असे संदेश) पाठवून तोडतं. शेजाऱ्याचं नेटवर्क निघालं तर? पाहुण्यांचे हॉटस्पॉट असेच पाडल्याबद्दल २०१४ मध्ये अमेरिकेत मॅरियटला ६ लाख डॉलर भरावे लागले. शिवाय डब्ल्यूपीए३ या नव्या वायफाय सुरक्षा पद्धतीत अशा मॅनेजमेंट फ्रेमना (जोडणी सांभाळणाऱ्या संदेशांना) संरक्षण सक्तीचं आहे, तिथे ही युक्ती चालतच नाही.

गोंगाट_शोधक:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे प्रिंटर-स्कॅनर गळण्याबद्दल. जेवणाची वेळ म्हटली की माझा पहिला संशय मायक्रोवेव्हवर. पण वायफाय स्कॅनर ॲपमध्ये तो दिसणार नाही, कारण तुमच्या कार्डाला फक्त वायफायच्याच फ्रेम कळतात. खरा इलाज स्पेक्ट्रम ॲनालायझर, म्हणजे हवेतल्या सगळ्याच रेडिओ लहरी दाखवणारं यंत्र. तो नसेल तर ॲक्सेस पॉइंटवर चॅनेलचा वापर किती टक्के दाखवतोय ते बघा. वापर चढलेला आणि वायफायची रहदारी किरकोळ, म्हणजे गोंगाट बाहेरचा. काही ॲक्सेस पॉइंटमध्ये स्पेक्ट्रम स्कॅन असतोच, मेनूत कुठेतरी दडलेला. प्रिंटरशेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क असेल तर तीही बाजूला करून बघा, तिचा गोंगाटही याच पट्ट्यात पडतो.

वायफायग्रस्त:
तारवाला, पहिल्या पाच जोड्या टेबलमध्ये सापडल्या. पण ज्या पोर्टावर दिसतायत तिथे आमचाच ॲक्सेस पॉइंट आहे. आता?

तारवाला:
मग तो तारेने जोडलेलाच नाही. तुमच्या वायफायला चिकटून तेच नाव पुढे पसरवणारा रिपीटर असणार. घरगुती रिपीटर बहुधा एकाच रेडिओवर काम भागवतो, म्हणजे प्रत्येक पॅकेट हवेत दोनदा जातं आणि त्या चॅनेलवरच्या सगळ्यांचा वेग मरतो. पासवर्ड ठाऊक असलेल्या कोणीतरीच लावलाय.

शोधायला मॉनिटर मोड (हवेतल्या सगळ्या वायफाय फ्रेम ऐकण्याची सोय) चालणारं कार्ड आणि किस्मेट हे फुकट सॉफ्टवेअर. कार्ड रिपीटरच्याच चॅनेलवर लॉक करा, नाहीतर ते चॅनेल बदलत उड्या मारत राहतं आणि आकडे फसवतात. लॅपटॉप छातीशी धरून जागच्या जागी सावकाश फिरा. आपलं शरीर सिग्नल अडवतं, त्यामुळे सिग्नलचा आकडा जिकडे तोंड असताना सगळ्यात पडेल त्याच्या उलट, म्हणजे पाठीमागे यंत्र. उणे ७५ डीबीएमवरून (सिग्नलची ताकद; शून्याच्या जितकं जवळ तितकी जास्त) उणे ४० पर्यंत आलात की टेबलाखाली वाका.

वायफायग्रस्त:
सापडला! अकाउंट्समध्ये, कपाटामागच्या सॉकेटला. "इथे रेंज येत नव्हती" म्हणे. तक्रार केली असती तर तिथे एक ॲक्सेस पॉइंट लावून दिला असता की.

मायक्रोवेव्हची परीक्षा उद्या. तोवर प्रिंटर चॅनेल १ वर हलवू का?

गोंगाट_शोधक:
हलवा. बहुतेक मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास जास्त ओरडतात आणि चॅनेल १ चा मध्य २.४१२ वर आहे, त्यामुळे तिथे त्रास कमी व्हावा. जे स्कॅनर ५ गिगाहर्ट्झवर जाऊ शकतात ते तिकडेच ढकला. उद्या मायक्रोवेव्हमध्ये कपभर पाणी ठेवूनच चालू करा, रिकामा नको.